अस्सल बरहुकूम नक्कल

१९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यात हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपण रचलेल्या संगणकप्रणालीचा पहिला मसुदा, म्हणजे सुमारे दहा हजार ओळींचा मजकूर, इच्छुकांना घेता यावा म्हणून ठेवायला जागा शोधली. ती त्याला फिनलंडमधील विद्यापीठांना जोडणाऱ्या 'फ्यूनेट' या जाळ्याच्या सर्व्हरवर मिळाली. आणि त्या सर्व्हरची व्यवस्था पाहणारे आरी लेम्के यांना कर्त्याने योजलेले 'फ्रीक्स' हे नाव रुचले नसल्यामुळे, ज्या कप्प्यात त्यांनी तो मजकूर ठेवला त्या कप्प्यालाच त्यांनी परस्पर 'लिनक्स' असे नाव देऊन टाकले. ही नामकरणाची हकीकत पुष्कळांनी सांगितलेली आहे. तिच्या पाठोपाठ घडलेली गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो, आणि या प्रकरणाचा विषय ती आहे. अटलांटिकपलीकडच्या माणसाला दरवेळी फिनलंडपर्यंत हात पोहोचवावा लागू नये म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टेड त्सो यांनी आपल्या 'टीएसएक्स-११' या यंत्रावर त्याच मजकुराची नक्कल ठेवली. उत्तर अमेरिकेतील लिनक्सचे ते पहिले भांडार. करार झाला नाही, मोबदला ठरला नाही, कोणी कोणाला मुखत्यारपत्र लिहून दिले नाही. एकाने ठेवले ते दुसऱ्याने आपल्या भागातील लोकांच्या सोयीसाठी जसेच्या तसे पुन्हा ठेवले. अशा ठिकाणाला संगणकाच्या व्यवहारात 'मिरर' म्हणतात.

ज्या वहिवाटीवर हा व्यवहार उभा राहिला ती त्याहून वीस वर्षे जुनी होती. एका यंत्रावरील फाइल दुसऱ्या यंत्रावर कशी न्यावी याच्या नियमांचा पहिला मसुदा, ज्याला पुढे एफटीपी हे नाव रूढ झाले, तो १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्याच तुकडीतून बाहेर पडून ते मॅसॅच्युसेट्सला गेले होते. या नियमांच्या आधारे विद्यापीठांनी आपली दारे परक्या माणसाला उघडली ती अशा शिष्टाचाराने, की येणाऱ्याने नावाच्या जागी 'अनॉनिमस', म्हणजे निनावी, असे लिहावे आणि संकेतशब्दाच्या जागी सौजन्य म्हणून आपला इमेलचा पत्ता द्यावा. तो पत्ता खरा की खोटा हे कोणी तपासत नसे, आणि तरीही असंख्य लोक तो खराच देत. पुढे नकला इतक्या वाढल्या, की कोणती वस्तू कोणत्या भांडारात आहे हे सांगणाऱ्या सूचीची गरज भासू लागली; ती 'आर्ची' या नावाने १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात अॅलन एम्टेज यांनी तयार केली.

एकच भांडार पुरत नाही याचे एक कारण सर्वांना उमगते: मागणाऱ्यांची गर्दी. नवी आवृत्ती जाहीर झाली की पहिल्या दोन दिवसांत जो लोंढा लोटतो त्याला तोंड देण्याइतका खर्च स्वयंसेवकांच्या मंडळाला झेपत नाही. दुसरे कारण सूक्ष्म आहे आणि त्याचा हिशेब थोडा मांडून पाहण्यासारखा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. तेव्हा मागणी जाऊन उत्तर येण्यास, वाटेत एकही अडथळा नसला तरी, ६५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रतळावरील तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्ष काळ त्याहून बराच अधिक भरतो. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की पाठविणारे यंत्र ठराविक माल रवाना करून त्याची पोच येईपर्यंत थांबते. मूळ नियमांत हा एका वेळचा माल ६५,५३५ बाइटांपलीकडे जाऊ शकत नव्हता. पोच यायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदात पाचच खेपा होणार, म्हणजे तुमची तार कितीही रुंद असली तरी सेकंदाला सव्वातीनशे किलोबाइटांच्या वर एक कणही मिळावयाचा नाही. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची तजवीज झाली खरी. तथापि लांबच्या वाटेवर एखादे पुडके गहाळ झाले, तर ते हरवल्याचे कळण्यास आणि वेग पुन्हा पूर्ववत होण्यास जो विलंब लागतो तो आजही अंतराच्या प्रमाणातच लागतो. जवळचे भांडार हवे ते यासाठी.

पण 'जवळचे' म्हणजे कोणते? नकाशा पुढे ठेवून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि भारताइतका याचा बोलका दाखला दुसरा नसेल. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, परंतु त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून सहाशे मेगाबाइटांची प्रणाली उतरवून घेणे हा श्रीमंतांचाही विलास नव्हता. लिनक्स आपल्याकडे पसरले ते बव्हंशी 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर येणाऱ्या तबकड्यांवरून, आणि पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या मंडळींनी जगभर फुकट धाडलेल्या लिफाफ्यांतून. तारा सुधारल्या तरी वाटा वाकड्याच राहिल्या. एका कंपनीचा ग्राहक आणि दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हे दोघेही मुंबईत असले, तरी त्या दोन कंपन्यांमध्ये थेट दुवा नसल्यामुळे त्यांचा संवाद परदेशातून फिरून येई. हा द्राविडी प्राणायाम टळावा म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही देशांतर्गत अदलाबदलीची संस्था काढावी लागली. आजही पुण्यातील एखाद्या घरगुती जोडणीला कानपूरच्या विद्यापीठीय जाळ्यापेक्षा सिंगापूरचे भांडार अधिक जवळचे ठरणे अशक्य नाही. अंतर किलोमीटरांत मोजावयाचे नसून कंपन्यांच्या आपसांतील करारांत मोजावयाचे असते, आणि ते करार सामान्य माणसाने कधी पाहिलेले नसतात.

असे असूनही कित्येक वर्षे मिररांची निवड नेमकी या सामान्य माणसाच्याच गळ्यात घातली जात होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सोर्सफोर्ज या भांडारावर फाइलीच्या नावावर टिचकी मारली, की फाइल मिळण्याऐवजी एक तक्ता पुढे येई: आयर्लंडचे हीनेट, बेल्जियमचे बेलनेट, जपानचे जाइस्ट, आणि असेच आणखी, प्रत्येकापुढे खंडाचे नाव आणि संस्थेचे बोधचिन्ह. आपल्याला हवी होती एक छोटीशी आज्ञावली, आणि विचारले जात होते ते युरोप की आशिया. सांख्यिकीच्या 'आर' या भाषेत नवे आज्ञावली-संच, ज्यांना पॅकेज म्हणतात, घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे देशांच्या नावांची अशीच लांबलचक यादी उभी राहते. गेली काही वर्षे त्या यादीच्या शिरोभागी '०-क्लाउड' असे एक नाव दिसते, आणि आरंभी शून्य असल्यामुळे वर्णानुक्रमात ते सर्वांच्या वर जाऊन बसते. युक्ती साधी आहे, पण तिच्यातून यादी करणाऱ्यांनी मनोमन दिलेली कबुली दिसते: बहुतेक लोक पहिले नाव उचलतात आणि पुढे जातात. ज्याचे उत्तर देण्याचे साधन माणसाजवळ नाही असा प्रश्न त्याला विचारणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे. ते आपले काम दुसऱ्यावर ढकलणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते काम यंत्राने करावे यासाठी जे मध्यस्थ रचले गेले त्यांत पीटर पोएमल यांचे 'मिररब्रेन' आणि व्हीएलसी या माध्यम-वादकाच्या मंडळींसाठी लुडोविक फोव्हे यांनी लिहिलेले 'मिररबिट्स' ही दोन नावे घ्यावी लागतात. दुवा एकच असतो, आणि तो मूळ प्रकल्पाच्या पत्त्याचा असतो. मागणी आली की मध्यस्थ तिचा अंकी पत्ता पाहून देश आणि जाळे ताडतो, त्या दिशेची भांडारे काढतो, त्यांतील कोणती या घटकेला चालू आहेत आणि ही विशिष्ट फाइल त्यांच्याजवळ खरोखर आहे की नाही हे आपल्या नोंदीवरून पाहतो, ज्याची तार रुंद त्याला अधिक आणि ज्याची अरुंद त्याला कमी अशा हिशेबाने वाटणी करतो, आणि मागणाऱ्याला तिकडे रवाना करतो. यातले काहीही घेणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. परंतु व्हीएलसीच्या डाउनलोडच्या पानाची खरी शोभा यापुढे आहे: फाइल आपोआप उतरू लागते, न लागली तर कोठे टिचकी मारावी ते सांगितलेले असते, तिच्याखालीच तिची पडताळणीची खूण, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरमाला, दाखविण्याची सोय असते, आणि ज्याला निवड स्वतःच करावयाची आहे त्याच्यासाठी यादीही हाताशी ठेवलेली असते. ज्याला पर्वा नाही त्याला अडविलेले नाही आणि ज्याला आहे त्याच्यापासून काही लपविलेले नाही. अशा मध्यस्थाचाही अंदाज चुकतो, विशेषतः कार्यालयाच्या जाळ्यातून दूरदेशीच्या पत्त्याने बाहेर पडणाऱ्या माणसाबाबत. आणि म्हणूनच ती यादी काढून टाकणे हा शहाणपणा ठरत नाही.

सोयीचा एक निराळा नमुना बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या 'टूना' या मंडळाने चालविलेल्या भांडारात पाहावयास मिळतो. तेथे प्रत्येक संग्रहाच्या नावापुढे मदतीचे एक पान आहे. त्यात आपल्या प्रणालीची आवृत्ती निवडली, की आपल्या यंत्रातील मांडणीच्या फाइलीत जो मजकूर लिहावयाचा तो जसाच्या तसा तयार होऊन पुढे येतो, आणि घेणाऱ्याने तो उचलून योग्य जागी ठेवावा एवढेच उरते. माल ठेवणे हे भांडाराचे काम, तो कसा वापरावा हे ज्याचे त्याने पाहावे, अशी वृत्ती इतरत्र सर्रास आढळते. तिच्याशी ताडून पाहिले म्हणजे या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मेहनतीचे मोल कळते.

आणि वृत्तीचा विषय निघालाच आहे, तर फाइलींच्या नावांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माणसे अडतात ती तारेच्या वेगापाशी फारशी नव्हे, नावापाशीच. लिनक्सवर आधारलेली प्रणाली देणाऱ्या डेबियन या संस्थेच्या भांडारात शिरलेल्या नवख्या माणसापुढे 'एएमडी६४', 'आय३८६', 'एआरएम६४' अशी नावे ओळीने येतात. त्याच्या संगणकावर 'इंटेल' अशी ठळक चिकटपट्टी असते. तेव्हा एएमडी हे तर प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव, ती फाइल आपल्यासाठी नव्हेच, असा तर्क करून तो दुसरीच फाइल उतरवतो. त्याचा तर्क निर्दोष असतो आणि निष्कर्ष चुकीचा. वस्तुस्थिती अशी, की जुन्या इंटेल घराण्याच्या सूचनासंचाला चौसष्ट बिटांचा विस्तार प्रथम एएमडीने दिला, इंटेलने तो मागाहून स्वीकारला, आणि ज्यांनी आधी केले त्यांचे नाव कप्प्याला राहिले. हा इतिहास रंजक आहे, पण फाइल निवडण्याआधी तो ठाऊक असणे ही अट असू नये. संस्थेलाही हे उमगले: डिसेंबर २०२० मध्ये डेबियनने आपले मुखपृष्ठ नव्याने मांडले आणि बहुतेकांना लागणारी फाइल एका बटणामागे आणून ठेवली.

याच संस्थेची दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बाजारातील पुष्कळ लॅपटॉपांचे वायफाय चालण्यासाठी उत्पादकाची बंदिस्त आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, लागते. आणि केवळ मुक्त तेवढेच देऊ ही डेबियनची प्रतिज्ञा असल्यामुळे अधिकृत फाइलींत तिला स्थान नव्हते. ज्या फाइलींत ती होती त्या संस्थेच्याच सर्व्हरवर, परंतु 'अनधिकृत' असा शिक्का मारून, कप्प्यांच्या आतल्या कप्प्यांत ठेवलेल्या असत. परिणामी तत्त्वाशी ज्याचे काही वाकडे नव्हते असा माणूस अधिकृत फाइल घेई, मांडणी सुरू करी, आणि अर्ध्या वाटेवर इंटरनेट सापडत नाही म्हणून अडून बसे. २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ही प्रथा बदलली आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर अधिकृत फाइलीत समाविष्ट झाले. तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झालीच. टीकाकारांच्या निष्ठेविषयी आदर ठेवूनही मला असे वाटते, की अनेक वर्षे आपण देत होतो ती वस्तू लपवून देणे, यात तत्त्वाचे रक्षण फार होत नव्हते. फक्त माहीतगार माणसाला ती मिळत होती आणि अनभिज्ञाला मिळत नव्हती.

आता भांडाराच्या अंतरंगाकडे वळू. मूळ ठिकाणी होणारा फेरफार नकलेपर्यंत पोहोचविण्याचे काम जवळजवळ सर्वत्र 'आरसिंक' या साधनाकडे आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते रचले. जुनी फाइल तुकड्यातुकड्यांनी मोजून, नव्या फाइलीत त्यांतले कोणते तुकडे तसेच आहेत हे ओळखून, केवळ फरक तेवढा पाठवावयाचा ही त्यातील कल्पना चतुर आहे. भांडारांतील संचिका बहुधा आधीच दाबून लहान केलेल्या असल्यामुळे त्यांना तिचा लाभ कमी होतो, पण कोणत्या फाइली नव्या आल्या आणि कोणत्या गेल्या याचा मेळ ते फार निगुतीने घालते. यात क्रमाला विलक्षण महत्त्व आहे. सूची आधी पोहोचली आणि माल मागाहून, तर त्या मधल्या काळात येणाऱ्याला सूचीत दिसणारी वस्तू भांडारात सापडत नाही आणि त्याच्या पदरी 'फाइल नाही' हा कोरडा निरोप पडतो. म्हणून डेबियनचा दंडक असा, की पहिल्या फेरीत माल आणावा, दुसऱ्या फेरीत सूची बदलावी, आणि सूची बदलल्यावरच जुना माल हटवावा. घेणाऱ्याच्या सुखासाठी केलेली ही दक्षता त्याला कधीच दिसत नाही.

आतापर्यंत सोयीचे बोललो. विश्वासाचा प्रश्न याहून बिकट आहे. २००२ च्या जुलैअखेरीस ओपनबीएसडी प्रकल्पाच्या मुख्य भांडारातील ओपनएसएसएच या आज्ञावलीच्या संचिकेत कोणीतरी घातक मजकूर घुसवला, आणि मिररांनी आपला धर्म पाळून तीच बिघडलेली संचिका नकलून घेतली. नक्कल जितकी इमानी तितके विषही इमानाने पसरणार! ते उघडकीस आले ते वेगळ्याच ठिकाणी: फ्रीबीएसडी या स्वतंत्र प्रकल्पाच्या संग्रहात त्या संचिकेची पडताळणीची खूण पूर्वीच नोंदलेली होती, आणि उतरवलेली फाइल तिच्याशी जुळेना. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या चित्रफितींच्या आज्ञावलीबाबत उलट प्रकार घडला. मुख्य सर्व्हर सुरक्षित, पण एक मिरर फोडला गेला आणि मॅकसाठीच्या फाइलीच्या जागी हेरगिरी करणारी फाइल ठेवली गेली. २ ते ६ मे या दिवसांत ज्यांनी ती घेतली त्यांना प्रकल्पाने सांगितले, की आपले यंत्र बाधित असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. कोणाच्या वाट्याला कोणता सर्व्हर आला हे त्यांना स्वतःला कसे कळावे? तिसरा प्रकार लिनक्स मिंटचा. २० फेब्रुवारी २०१६ रोजी सर्व मिरर जागच्या जागी शाबूत असताना मूळ संकेतस्थळच फोडून त्यावरील दुवा परक्या सर्व्हरकडे वळविण्यात आला.

हे तीन प्रसंग शेजारीशेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते, की कोणते भांडार विश्वासार्ह याची चौकशी करीत बसणे व्यर्थ आहे. २००८ मध्ये अॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी एका काल्पनिक संस्थेच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेऊन उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा नामांकित प्रकल्पांकडे अधिकृत मिरर म्हणून नोंदणी मागितली, आणि ती त्यांना मिळाली. थोड्याच अवधीत हजारो यंत्रे, त्यांत सरकारी आणि लष्करीही, त्यांच्या दाराशी येऊ लागली. त्यांनी काही अपाय केला नाही. पण ज्याला करावयाचा असेल त्याला फाइलीत ढवळाढवळ करण्याचीही गरज नाही, हे त्यांनी दाखवून दिले: जुनी, दोष असलेली, परंतु खरीखुरी सही असलेली आवृत्तीच नवी म्हणून पुढे करीत राहिले तरी पुरे.

तालुका कचेरीतून सात-बाराची नक्कल मिळते तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवला जातो तो कागद कोणत्या टपालाने आला यावरून नव्हे, तर खाली असलेल्या सही-शिक्क्यावरून. मिररांच्या व्यवहारातही तोडगा हाच निघाला: माल कोठूनही यावा, ओळख मात्र मुळाकडूनच यावी. मुक्त आज्ञावलींचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे प्रतिष्ठानाने मिररांच्या काळात आपल्या प्रकल्पांना घालून दिलेला नियम याचा वस्तुपाठ होता. आज्ञावली मिररवरून घेऊ द्यावी, परंतु तिची डिजिटल स्वाक्षरी, स्वाक्षरी तपासण्याच्या चाव्या आणि पडताळणीची खूण यांचे दुवे मुख्य सर्व्हरकडेच जाणारे असावेत. लहान वस्तू मुळाकडून आणि मोठी वस्तू शेजारून, अशी ही वाटणी होती. डेबियनमध्ये तर माणसाला यात पडावेच लागत नाही. एका छोट्या फाइलीवर संस्थेची स्वाक्षरी, त्या फाइलीत सूचींच्या खुणा, सूचींत प्रत्येक संचिकेची खूण, अशी साखळी यंत्र स्वतः कडी कडी तपासत नेते आणि एक कडी जुळली नाही तरी पुढे जाण्यास नकार देते. शिळा माल ताजा म्हणून खपविण्याच्या त्या युक्तीवर उपाय म्हणून स्वाक्षरीच्या फाइलीत मुदतही लिहिली जाऊ लागली. मुदत उलटली की सही खरी असूनही ती अमान्य.

ज्या फाइली माणूस हाताने उतरवतो तेथे मात्र ही साखळी तुटते. फाइलीखाली एसएचए-२५६ पद्धतीची चौसष्ट अक्षरांची खूण छापून 'पडताळून पाहा' असे सांगणे सोपे आहे. ती कशाने पडताळावी, कोणती आज्ञा कोठे लिहावी, जुळली नाही तर काय करावे, याविषयी बहुतेक पाने मौन पाळतात. चौसष्ट अक्षरे डोळ्यांनी जुळविणे हा काही मनुष्याचा नैसर्गिक उद्योग नव्हे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी एकेका ओळीची तयार आज्ञा त्या खुणेशेजारीच द्यावी, उचलून चिकटवता येईल अशी. एवढे केले तरी खातरजमा करणारांची संख्या वाढेल. याहून उत्तम उपाय 'मेटालिंक' या नावाने अँथनी ब्रायन यांनी २००५ मध्ये सुचविला आणि २०१० मध्ये तो इंटरनेटच्या नियमावलीत दाखल झाला: एकाच छोट्या फाइलीत सर्व मिररांचे पत्ते आणि पडताळणीच्या खुणा द्यावयाच्या, म्हणजे उतरवून घेणारे साधनच एक भांडार अडले तर दुसरे धरते आणि शेवटी स्वतःच मोजणी करते. फेडोराच्या यंत्रांत ही पद्धत रुळली आहे. घरोघरच्या ब्राउझरांनी मात्र तिला आपलेसे केले नाही, याचे वाईट वाटते. सामान्य माणसाच्या पडताळणीचे ओझे उतरविणारा इतका सरळ मार्ग दुसरा मला दिसत नाही.

ज्या पानावरून लोक फाइल घेतात त्याची जागाही मोलाची असते, आणि मोलाच्या जागेवर जाहिराती आल्यावाचून राहत नाहीत. हिरव्या रंगाची, 'डाउनलोड' असे लिहिलेली, परंतु भलतीकडेच नेणारी बटणे खऱ्या दुव्याच्या शेजारी झळकू लागली, तेव्हा कोणते बटण अस्सल हे ओळखणे ही एक स्वतंत्र विद्या होऊन बसली. सोर्सफोर्जने २०१३ मध्ये उतरवणाऱ्या फाइलीबरोबर इतर कंपन्यांच्या वस्तू बांधून देण्याची योजना काढली. गिंप या चित्रकामाच्या आज्ञावलीच्या मंडळींनी त्याच वर्षी तेथील बिऱ्हाड हलवले, आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर नव्या चालकांनी ती योजना बंद केली. आपल्याकडे निराळाच प्रसंग ओढवला. २०२२ च्या आरंभापासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. सरकारने कारण जाहीर केलेले नव्हते, आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने प्रकल्पाने कायदेशीर नोटीस धाडल्यानंतर बंदी उठली. मधल्या काळात व्हीएलसी कोणी सोडले नाही. शोधयंत्र जे पहिले ठिकाण दाखवील तेथून लोक ते घेऊ लागले, म्हणजे सुरक्षेसाठी जेथे जावयास हवे ते एकच दार बंद आणि बाकीची सगळी उघडी, अशी अवस्था झाली.

मध्येच तुटलेले डाउनलोड पुढे चालू करता येणे ही सोय लहान वाटते, पण भारनियमनाचे दिवस ज्यांनी महाराष्ट्रात काढले आहेत त्यांना तिचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. फाइलीचा अमुक बाइटापासून पुढचा भाग मागण्याची तरतूद १९९७ च्या एचटीटीपी नियमांत आहे. गोम अशी, की दुसऱ्या खेपेस मध्यस्थाने दुसऱ्याच मिररकडे पाठवले आणि त्या सर्व्हरने तीच फाइल निराळ्या ओळखचिठ्ठीने दिली, तर ब्राउझर तिला निराळी समजून आरंभापासून उतरवू लागतो. अपाचे सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या ही चिठ्ठी बनवताना डिस्कवरील नोंदीचा क्रमांक वापरत, आणि तो दोन यंत्रांवर एकच असण्याचा संभव जवळजवळ नाही. मांडणीतील एक ओळ बदलली की हा दोष जातो.

अलीकडे वारा बदलला आहे. जगभर आपली यंत्रे पसरून बसलेल्या व्यापारी वितरण-जाळ्यांनी, ज्यांना सीडीएन म्हणतात, मुक्त प्रकल्पांना आपली सेवा देणगीदाखल देऊ केली. अपाचेने २०२१ मध्ये आपली मिररांची यंत्रणा आवरती घेऊन असाच मार्ग धरला, आणि डेबियननेही नव्या यंत्रांना आरंभी जो पत्ता दिला जातो तो अशा जाळ्यामागे ठेवला. एफटीपीची सेवा तर डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ रोजीच बंद केली होती, जरी देशोदेशीच्या त्यांच्या मिररांच्या पत्त्यांत 'एफटीपी' ही अक्षरे अद्याप तशीच आहेत. घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे सुखाचेच झाले: एकच पत्ता, निवड नाही, वेग चांगला. पण देणगी एका-दोन कंपन्यांच्या मर्जीवर आहे, आणि विद्यापीठांच्या शेकडो यंत्रांवर पसरलेल्या नकलांची जागा ती पूर्णपणे घेऊ शकत नाही. महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावरील मिरर तर बाहेरची तार तुटली तरी वसतिगृहातील विद्यार्थ्याला प्रणाली देतच राहतो. डेबियनने म्हणून दोन्ही ठेवले आहे. कानपूरच्या आयआयटीसारख्या ठिकाणी जो कोणी असे भांडार राखतो त्याला मुख्य सर्व्हरवर भार न टाकता नेमून दिलेल्या वरच्या मिररकडून माल घ्यावा लागतो, आणि प्रत्येक फेरी पूर्ण झाली की आपल्या नावाच्या एका छोट्या फाइलीत वेळ नोंदवून ठेवावी लागते. पाहणारी यंत्रणा ती नोंद वेळोवेळी वाचत असते. बंद पडलेला मिरर कोणालाही लगेच कळतो. चालू दिसत असूनही आठवडाभर मागे पडलेला मिरर कळतो तो केवळ या नोंदीवरून.